भोजली, तुझं घरचं धान

सीताराम भोजली.

काल तुझा दहावा झाला. तू गेल्यापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी बोलतेच आहे, पण आज कागद घेऊन बसले. काल तुझ्या घरी जे घडलं ते तुला सांगणारं माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही. तुझ्या लेकाला, मंगलूला, ते कळलं नाही. तुझ्या सुनेला तर मुळीच कळलं नाही. एवढ्या मोठ्या पंगतीत फक्त दोघांना कळलं, एक तुझा भाऊ आणि एक मी. तुझा भाऊ आज सकाळी तुमसर रोड स्टेशनवरून गाडीनं गेला, राजनांदगावकडे, आपल्या मुलखात. उरले मी.

सांगते, पण एकदम नाही. मला कोणतीही गोष्ट मुळापासून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, हे तुला ठाऊक आहे. तू म्हणायचीस, "भोजली, मानूस पानी मांगे त तू विहीर खोदाले बसते." अर्धं छत्तीसगढचं, अर्धं आमच्या नाकाडोंगरीचं. खाणीवर राहून राहून तुझ्या बोलीची खिचडी झाली होती आणि आमच्या बायका तुला हसायच्या. मीही हसायचे. आता ती खिचडी कानावर पडावी म्हणून काही कारण नसताना तुझ्या झोपडीवरून चक्कर मारून येते, आणि तिथे तुझी सून शकुन कोंबड्यांना हाकलत असते.

तू पहिल्यांदा मँगनीजच्या खाणीच्या पाळणाघरात आलीस तो दिवस आठव. मी तिथे नवीनच लागले होते. सातवी पास झालेली गावची सून म्हणून मला ठेवलं होतं. बाया दगड फोडायला जाताना लेकरं माझ्या हवाली करायच्या. तू एका हातानं मंगलूला पुढे केलंस आणि दुसऱ्या हातानं फडक्यात बांधलेलं एक गाठोडं. मी म्हटलं, "इथं लेकरं ठेवतेत वो बाई, गाठोडे नाई." तू म्हणालीस, "एमा धान हे बाई. झोपडी मा मुसवा अब्बड हे." मुसवा म्हणजे उंदीर, हे मला नंतर कळलं. मंगलू गळा काढून रडत होता आणि तू त्याच्याकडे न बघता आढ्याकडे बघत होतीस, गाठोडं कुठे टांगता येईल म्हणून. मला तुझा रागच आला. ही कसली आई, म्हटलं. शेवटी मी गाठोडं आढ्याला टांगलं तेव्हा कुठे तू खाली बसून लेकराला छातीशी घेतलंस.

ती गोष्ट तू मला हळूहळू सांगितलीस, एकेक घास दिल्यासारखी. तुमच्याकडे पाऊस गेला ते वर्ष. शिवनाथ नदीच्या काठी तुमची लहानशी शेती, तुझ्या नवऱ्याची आणि दिराची मिळून. आधी घरातलं धान संपलं, मग मोहफुलं संपली, मग जंगलातले कंद. घरात शेवटी हे एवढं बी उरलं होतं. सासूनं ते तुझ्या हाती दिलं आणि म्हणाली, "एला नइ खावन. ए बीजा ए." हे खायचं नाही, हे बी आहे. गावात ठेवलं असतं तर दिराच्या लेकरांनी खाल्लं असतं आणि त्यांनाही कोणी बोललं नसतं, इतकी भूक होती. म्हणून तू ते पोटाशी बांधून आगगाडीत बसलीस. वाटेत मंगलू भुकेनं रडत होता, मांडीवर धान होतं, आणि तू ते सोडलं नाहीस. तुम्ही एका उन्हाळ्यापुरते आला होता. उन्हाळाभर खाणीत दगड फोडायचा, आखाडात परत जायचं, आपल्या भाताच्या बांधीत बी टाकायचं. एवढाच बेत होता तुमचा.

आखाड आला आणि ठेकेदार तुझ्या नवऱ्याला म्हणाला, पावसाळाभर थांबलास तर पक्की हजेरी लावून देतो. मंगलूचा बाप थांबला. त्याचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही. पक्की हजेरी कोणाला नको होती? पण तू कासावीस झालीस, कारण धानाचं बी फार काळ ठेवलं तर मरतं. हे तुला सांगावं लागत नव्हतं आणि मलाही नाही, आपण दोघी भाताच्याच मुलखातल्या. तू माझ्यामागे लागलीस. मी आमच्या ह्यांच्यामागे लागले. शेवटी आमच्या शेतातली, धुऱ्याजवळची म्हणजे बांधालगतची ती चिंचोळी पट्टी तुला मिळाली, जिथे आमचं पीक तसंही नीट येत नव्हतं.

आणि मग तू जे केलंस त्यावर आमचं अर्धं गाव बघायला आलं. आमच्याकडे आधी पऱ्हे टाकतात, रोप वीतभर झालं की उपटून चिखलात रोवणा करतात. तू सरळ बी फेकून दिलंस. बरं, फेकलंस तर फेकलंस. रोपं चांगली हातभर वर आली, पाणी साचलं, आणि तू आमच्या ह्यांना म्हणालीस, आता यात नांगर घाला. उभ्या पिकात! आमचे हे नांगराला हात लावून उभेच राहिले. "ही बाई पागल झाली का वो? उभं धान नांगरते कोनी?" तू कंबरेला पदर खोचून म्हणालीस, "एला बियासी कइथें. चलावा ना दादा, मरय नइ." मरत नाही म्हणालीस, आणि नांगर फिरला. हिरवी रोपं चिखलात आडवी झाली आणि मी तोंडावर पदर घेतला. तू मात्र गुडघाभर पाण्यात उभी राहून आडव्या पडलेल्या रोपांना हातानं सावरत होतीस. पुढच्या पंधरवड्यात ती सगळी उभी राहिली.

पीक काही फार आलं नाही, खरं सांगायचं तर. आमच्या रोवण्याच्या धानापुढे ते किडमिडंच होतं. आमचे हे तेव्हापासून तुला चिडवायचे, "काय वैनी, यंदा पन नांगर फिरवाचा का धानावर?" तू म्हणायचीस, "मोला पेट भर नइ लागे दादा, बीजा भर लागे." पोटापुरतं नको, बियाण्यापुरतं हवं. लोंब्या पिकल्या की तू एकेक चांगली लोंबी निवडून कापायचीस, बाकीची गाईला. पण एका सणाला तू त्यातलं मूठभर कांडून आम्हाला भात करून दिलास. डेगचीचं झाकण काढल्याबरोबर आमच्या घरभर वास पसरला. आमच्या सासूबाईंनी विचारलं, या धानाचं नाव काय? तू म्हणालीस, "घर के धान." नाव नव्हतंच त्याला. तुमच्या गावात सगळे तेच पेरायचे, मग नाव कशाला लागतं?

त्या पहिल्याच श्रावणात तू मला भोजली केलंस. तुमच्या खाणमजुरांच्या लाइनीतल्या बायांनी टोपलीत गहू पेरून अंधारात झाकून ठेवले होते. पिवळे-पोपटी कोंब आले, राखीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही गात गात टोपल्या तळ्यावर घेऊन आलात. मी काठावर उभी राहून तमाशा बघत होते. तू पाण्यातून ओली तशीच वर आलीस आणि काही न विचारता चार कोंब माझ्या कानावर खोचलेस. "अब तैं मोर भोजली." मी म्हटलं, "म्हणजे काय वो?" तुझ्या शेजारणीनं सांगितलं, आता जन्मभर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, भेटलं की सीताराम भोजली म्हणायचं, आणि एकीच्या घरी काही झालं तर दुसरीनं सख्ख्या बहिणीसारखं धावून जायचं. मी म्हटलं, मला विचारलं तरी का? तू हसलीस आणि म्हणालीस, "पुसतेंव त तू नाई म्हनतिस." खरं होतं. मी नाहीच म्हटलं असतं.

म्हणून या कागदावरही तुझं नाव नाही. खाणीच्या हजेरीत ते होतं, माझ्या तोंडी नव्हतं.

भोजली केल्याचं पुण्य आधी माझ्याच पदरात पडलं. दुसऱ्या वर्षी माझं लेकरू जन्मलं आणि रडलंच नाही. घरातल्या बायांनी मला खूप समजावलं, देवाची मर्जी, पुन्हा होईल, अमुक आणि तमुक. तू कामावरून सरळ आलीस, काळ्या दगडानं काळे झालेले हात तसेच. माझे पाय मांडीवर घेऊन चोळत बसलीस. माझ्या पायांवर तुझ्या हातांचे काळे डाग पडले ते मी दोन दिवस धुतले नाहीत. मला पुढे मूल झालं नाही. पाळणाघरात सगळ्या खाणीची लेकरं सांभाळली, त्यात तुझा मंगलू. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाली असतीस, "का बात करथस!" आणि तंबाखू मळायला घेतली असतीस. आज मानते. तुला नको असले तरी घे.

मग मंगलूच्या बापाचे हात कापू लागले. तो खाली भुयारात छिद्रं पाडायचा, तिथली मँगनीजची काळी धूळ दिवसभर श्वासात घ्यायचा. आधी हात, मग चाल. चालताना तोल मागे जायचा. चेहरा ताठ झाला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो हसायचा. हसू आलेलं नसताना हसायचा, थांबता यायचं नाही, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायचं. लोकांना वाटायचं दारू प्यायला. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे. तू त्याला भरवायचीस, धरून शौचाला न्यायचीस, आणि सकाळी मंगलूला माझ्याकडे सोडून त्याच खाणीवर ओझी उचलायला जायचीस. एकदा मी न राहवून म्हटलं, "जाऊन टाक वो भोजली आपल्या गावाले. कायले मरून राहिली इथं?" तू म्हणालीस, "एला बने होवन दे. मंग जाहूं." तो बरा झाला नाही. कार्तिकात गेला. तेव्हा पट्टीतलं धान कापायला आलं होतं आणि तू त्याच्या तिसऱ्या दिवशी विळा घेऊन धुऱ्यावर उभी होतीस. आमच्या सासूबाई बोलल्या, सुतकात शेतात? तू विळा चालवत राहिलीस. लोंब्या गळायला लागल्या होत्या.

मुकादम तुझ्या दारात आला. "बाई, झोपडी खाली कर. मानूस गेला, हाजरी गेली. झोपडी कामाच्या मानसाची होय." तू आजवर राबलीस ती त्याच्याच हजेरीखाली, तुझं स्वतःचं नाव तिथे नव्हतंच. मला वाटलं, झालं, आता ही जाणार. आतून मला काय वाटलं ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर तू नवऱ्याचा हातोडा घेऊन दगडांच्या ढिगावर, बायांच्या रांगेत जाऊन बसलेली. चांगला दगड एकीकडे, बरड दगड दुसरीकडे. मुकादम तू भरलेली दगडांची पेटी मोजत नव्हता. संध्याकाळी सगळ्यांच्या पेट्या मोजून तुझ्यासमोरून तो तसाच पुढे जायचा. तू दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचीस. असे किती दिवस गेले कोण जाणे, बाया भाकरीतला तुकडा तुझ्यासमोर ठेवायच्या. शेवटी तोच थांबला आणि म्हणाला, "काहून बसून राहिली वो तू? तुले काही भेटत नाई इथं." तू मान वर न करता म्हणालीस, "बइठे नइ हंव. काम करत हंव." त्या आठवड्यात तुझं नाव हजेरीत चढलं. मी तो दिवस आठवते तेव्हा मला तुझा अभिमान वाटतो आणि खाणीचा रागही येतो. ज्या धुळीनं नवरा नेला तिच्यातच जागा मिळावी म्हणून माणसाला एवढं भांडावं लागतं.

"ए बछर जाहूं." या वर्षी जाईन, हे तू दरवर्षी म्हणायचीस. अक्षय तृतीया झाली की गाठोडं उतरवायचीस, बी अंगणात चटईवर पसरून दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवायचीस, कीड पाहायचीस, आणि म्हणायचीस, "ए बछर जाहूं." आणि दरवर्षी आखाडात ते बी आमच्याच पट्टीत पडायचं. मी चिडायचे. "जात असशील तं जा, नाई तं म्हनू नको." तू म्हणायचीस, "नइ कइहूं त भुला जाहूं." म्हटलं नाही तर विसरून जाईन.

एका वर्षी मात्र गेलीस. खरोखर गेलीस. मंगलू मोठा झाला होता, त्याला घेऊन, गाठोडं घेऊन. तुमसर रोडला मी सोडायला आले. गाडी हलली तेव्हा तू खिडकीतून म्हणालीस, "सीताराम भोजली," आणि मी पलीकडे तोंड करून उभी राहिले. घरी येऊन आमच्या ह्यांना म्हटलं, बरं झालं, सुटली. आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तू आठच दिवसांत परत आलीस. दिरानं सगळ्या जमिनीत पेरून टाकलं होतं. वाईट वागला नाही तो, तू स्वतः म्हणालीस. चहा दिला, कोंबडी कापली. पण म्हणाला, वहिनी, तुमच्या वाट्याला येईल तेवढ्यात तुम्ही दोघं काय खाणार? मंगलूचं तिकडेच बरं चाललंय, शाळा आहे, खाण आहे. तू भावाकडे गेलीस. भाऊ म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. तू बी पेरल्याशिवाय परत आणलंस. पाऊस लागून गेला होता, उशीर झाला होता, तरी स्टेशनवरून घरी न जाता आमच्या पट्टीत गेलीस आणि अंगावरच्या प्रवासाच्या लुगड्यातच बी फेकलंस. मी धुऱ्यावर उभी होते. मला आनंद झाला होता भोजली. तू हरून आली होतीस आणि मला आनंद झाला होता. तुला मी आयुष्यभर "जा, जा" म्हणत राहिले, कारण "थांब" म्हणायचा मला काही हक्क नव्हता.

त्यानंतरही तू म्हणत राहिलीस. पण आवाज कमी झाला. मंगलू खाणीच्या ट्रकवर लागला, आंधळगावची शकुन सून म्हणून आली. गुणाची पोर. तिला तुझी बोली अर्धी कळायची आणि तुला तिची पूर्ण. मंगलूला तर गाव त्या आठ दिवसांपुरतंच ठाऊक होतं. "माय, माहं गाव हेच होय," तो म्हणायचा, आणि तू तंबाखू मळायला घ्यायचीस.

आपलं भांडण राहिलंच. मागच्या पावसाळ्यात तुझी छाती भरून आली होती, चार पावलं चाललीस तरी धाप. पट्टीत उतरणं तुला शक्यच नव्हतं. आमच्या ह्यांनी तुझ्या बीचे पऱ्हे टाकले आणि आमच्या बायांनी आपल्या रोवण्याबरोबर तुझाही रोवणा करून टाकला. तू काठी टेकत धुऱ्यावर आलीस, सरळ ओळींत लावलेलं ते धान पाहिलंस, आणि मला म्हणालीस, "उखाड के दूसर जगा गडिया देव. ओला दुख नइ लागय का?" उपटून दुसरीकडे रोवता, त्याला दुःख होत नाही का? मी हसून म्हटलं, "तुले नाई का उपटून इथं लावलं? जगलीच ना तू?" नेहमीसारखी चेष्टा केली मी. तू पट्टीकडे बघत राहिलीस आणि मग काठी टेकत परत गेलीस. पीक त्या वर्षी चांगलं आलं, एवढं कधीच आलं नव्हतं. तू बी निवडलंस, बांधलंस, चुलीवरच्या आढ्याला टांगलंस. पण त्या प्रश्नाचं उत्तर तू मला दिलं नाहीस. मी वाट बघत होते. कधीतरी तंबाखू मळता मळता देशील, असं वाटत होतं.

शेवटच्या दुपारी तू बोलत नव्हतीस. उन्हाचा तडाखा, झोपडीवरचे पत्रे तापलेले. मी ओलं फडकं तुझ्या कपाळावर ठेवत होते. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे पाहिलं नाहीस, आढ्याकडे पाहिलंस. म्हणालीस, "उतार के घाम देखा देबे." उतरवून त्याला ऊन दाखव. मी म्हटलं, "दाखवतो वो, उद्याच दाखवतो." बस. मरताना मुलाचं नाव नाही, देवाचं नाव नाही, भोजलीसाठी एक शब्द नाही. बीला ऊन दाखव म्हणालीस. मला थोडा राग आहे तुझा. राहू दे.

तर मी दाखवलं. तुला नेऊन आल्यावर मन थाऱ्यावर आलं तशी मी गाठोडं उतरवलं, तुझ्याच अंगणात, तुझ्याच चटईवर बी पसरलं. रोज सकाळी पाळणाघरात जाताना शकुनला सांगायचे, "कोंबड्यांवर ध्यान ठेव वो." ती ठेवायची. चांगलं खडखडीत वाळलं. दाताखाली घेतलं की कट्ट आवाज यायचा. मी मनाशी ठरवलं होतं, यंदा मी तुझी बियासी करणार. आमचे हे काही म्हणोत, उभ्या धानात नांगर फिरवणार. तेच तुझं उत्तर समजेन, म्हटलं.

पण उन्हात धान कशासाठी घालतात? पेरायच्या आधी घालतात आणि कांडायच्या आधीही घालतात. शकुनच्या माहेरी आता बियाणं पंचायत समितीतून पिशवीतून येतं. तिनं तुला दरवर्षी ऊन दाखवताना पाहिलं होतं, पण आता सासूच नाही म्हटल्यावर पेरणार कोण, असं तिला वाटलं असेल. दहाव्याला तुझ्या मुलखातून माणसं येणार होती. मंगलूनं तार केली होती. घरात रेशनचा तांदूळ, खड्यांचा, कुबट वासाचा. "मामा लोकाईले तो भात कसा वाढू?" असं ती मला काल म्हणाली. "तुमी धान वाळू घातलं, मले वाटलं दहाव्यासाठीच होय." मी पाळणाघरात होते तेव्हा तिनं आणि शेजारणीनं मिळून सगळं कांडलं, पाखडलं, निवडलं. इतक्या निगुतीनं, की एक खडा नव्हता.

मला काहीच माहीत नव्हतं. पंगत बसली. तुझा भाऊ समोर बसला होता, पांढऱ्या केसांचा, तुझ्यासारखंच कपाळ. शकुननं डेगचीचं झाकण काढलं आणि वास आला.

मी तो वास ओळखला. आमच्या घरी एका सणाला आला होता तो. माझ्या पत्रावळीवर भात पडला आणि मी बघत राहिले. उठून ओरडावं, डेगची हिसकावून घ्यावी, असं वाटलं. पण शिजलेल्या भाताचं काय करणार होते मी? मग पाहिलं, तुझ्या भावाचा हात तोंडाशी जाऊन थांबला होता. त्यानं घास चावला, हळूहळू. शकुनला तांदळाबद्दल विचारलं, "ए चाउर कहां ले आइस, बेटी?" ती म्हणाली, "घरचाच होय, मामाजी. मायनं ठेवला होता." तो माझ्याकडे वळला, त्याला माहीत होतं मी कोण. म्हणाला, "हमर गाँव मा अब ए धान नइ हे. सबो झन नवा बीजा बोथें. मय बहुत खोजेंव." त्यानं खूप शोधलं होतं. आजूबाजूच्या गावांतही कोणाकडे राहिलं नव्हतं. नवं बी जास्त पिकतं, खत घेतं, लवकर येतं. तुझ्या दिराच्या बांधीत, तुझ्या भावाच्या बांधीत, सगळीकडे तेच. मग त्यानं न्यायला थोडं बी मागितलं, "थोरिक बीजा होही का? ले जातेंव."

शकुन आत गेली आणि ते फडकं घेऊन आली. रिकामं. "सगळंच कांडलं मामाजी. मानसं खूप होते ना." तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, चांगलं खाऊ घातल्याचा. तुझ्या भावानं फडकं हातात घेतलं, घडी केली आणि तिला परत दिलं. म्हणाला, "बने करे बेटी." चांगलं केलंस. आणि पत्रावळ पुढे केली, "अउ दे." तिनं वाढलं. मग मला विचारलं, "काकी, तुमाले?" मी म्हटलं, "वाढ."

मी जेवले भोजली. एक शीत टाकलं नाही. दुष्काळात तुझ्या सासूनं खाल्लं नाही, गाडीत रडणाऱ्या लेकराला तू दिलं नाहीस, ते मी पोटभर खाल्लं. काय सांगू, चांगलं लागलं. हात धुतल्यावरही हाताला वास होता. सगळे गेल्यावर मी उखळाशी जाऊन बसले. कोंड्यात, भुशात बोटं फिरवली, एखादं न सोललेलं धान राहिलं असेल म्हणून. कोंबड्या माझ्या आधी तिथून होऊन गेल्या होत्या. शकुननं विचारलं, "काय हरवलं काकी?" मी म्हटलं, "काही नाई वो. बांगडी सरकली होती." तिला मी काही बोलले नाही, आणि मंगलूलाही सांगणार नाही. तूही तिच्यावर रागावू नकोस. तिनं तुझ्या माणसांचा मान राखला.

आज सकाळी तुझ्या भावाला गाडीत बसवून आले. त्याच फलाटावर, त्याच गाडीत. खिडकीतून तो "सीताराम" म्हणाला आणि या वेळी मी तोंड फिरवलं नाही. घरी आले तर आमचे हे औतं नीट करत बसले होते. आभाळाकडे बघून म्हणाले, "यंदा लवकर येईल असं वाटते. धुऱ्याजवळच्या पट्टीत वैनीचंच धान टाकाचं ना? पऱ्हे टाकू का तिच्यासारखं फेकू?"

मी म्हटलं, "ते पट्टी पडीत राहू द्या."